विश्लेषण : ‘लेडी विथ द लॅम्प’ अंथरुणाला का खिळली होती? फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि न संपणाऱ्या थकव्याचे कोडे

१२ मे म्हटले की जागतिक परिचारिका दिन. नर्सिंग कॉलेजांत दिवे लावले जातात, शपथ घेतली जाते आणि हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे तेच ते चित्र सगळीकडे फिरते. याच तारखेला आणखी एक दिवस पाळला जातो, त्याची मात्र आपल्याकडे फारशी दखल घेतली जात नाही. तो आहे ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ म्हणजेच ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या आजाराच्या जागृतीचा दिवस. १९९२ पासून तो पाळला जातो आणि त्यासाठी मुद्दाम नाइटिंगेल यांचीच जन्मतारीख निवडली गेली. कारण रात्री-अपरात्री वॉर्डांतून फिरणाऱ्या या परिचारिकेने वयाच्या ३७व्या वर्षी अंथरूण धरले आणि पुढची कित्येक वर्षे जगाशी व्यवहार केला तो बंद खोलीतून. त्यांना नेमके काय झाले होते? आणि आजच्या प्रयोगशाळांना या थकव्याबद्दल काय सापडले आहे?

श्रीमंत घरातली हट्टी मुलगी

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील युरोपच्या लांबलचक प्रवासावर होते. मोठ्या बहिणीचा जन्म नेपल्समध्ये झाला म्हणून तिचे नाव त्या शहराच्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी ठेवले गेले आणि धाकटीचे फ्लॉरेन्स. घरची सुबत्ता एवढी की डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे, शिवाय लंडनच्या वाऱ्या. वडिलांनी मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सना मात्र गणिताची ओढ होती.

१८३७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले असे त्यांना वाटले. कोणती सेवा, हे ठरायला आणखी काही वर्षे गेली. जेव्हा ठरले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळात रुग्णालयातली परिचारिका म्हणजे गरीब, अशिक्षित आणि बऱ्याचदा दारू पिणारी बाई, असा सार्वत्रिक समज होता. चांगल्या घरातल्या मुलीने लग्न करावे, पाहुण्यांची सरबराई करावी, पियानो वाजवावा. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी आणि खासदाराने त्यांच्यासाठी बरीच वर्षे वाट पाहिली. १८४९ मध्ये त्यांनी त्याला नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसर्सवर्थ येथील संस्थेत त्या तीन महिने राहिल्या, काम शिकल्या. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या.

स्कुटारीत काय घडले?

वर्षभरात क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचू लागले आणि सरकारची अब्रू जायची वेळ आली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ स्त्रियांना घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथे पोहोचल्या. आजच्या इस्तंबूलमधला हा उस्कुदार भाग.

तिथले रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची प्रचंड मोठी बराक होती. खाली तुंबलेली गटारे, वर मैलोन्मैल पसरलेल्या गाद्या. पहिल्याच हिवाळ्यात तिथे ४ हजारांहून अधिक सैनिक मेले, तेही बहुतेक जुलाब, हगवण, कॉलरा, टायफसने. गोळ्या आणि तलवारींनी मेलेले त्यामानाने थोडे. त्या दिव्याबद्दलही एक सांगायला हवे. चित्रांत दिसतो तसा तो अल्लाउद्दिनचा दिवा नव्हता. तो कापडी वा कागदी घडीचा तुर्की कंदील होता. चित्रकारांनी त्याला सोयीचे रूप दिले.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाण्याचा स्रोत साफ केला, हवा खेळती केली. फेब्रुवारीत सुमारे ४२ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले. हा आकडा नाइटिंगेल यांच्या नावावर जमा केला जातो, पण त्यातला मोठा वाटा गटारे उपसणाऱ्यांचा होता आणि हे पुढे त्यांनीच आकडेवारीने मांडले. या गोष्टीकडे आपण नंतर परत येऊ, कारण त्यांच्या आजाराच्या एका स्पष्टीकरणाची मुळे इथे आहेत.

बालाक्लाव्हाचा ताप

मे १८५५ मध्ये नाइटिंगेल काळा समुद्र ओलांडून प्रत्यक्ष युद्धभूमीजवळच्या बालाक्लाव्हा येथे रुग्णालये पाहायला गेल्या. आठवड्याभरात त्या तापाने फणफणल्या. ‘क्रिमियन फीव्हर’ हे तिथल्या तापाला दिलेले ढोबळ नाव. त्यात कोण जाणे किती वेगवेगळे आजार एकत्र बांधलेले होते. जवळपास दोन आठवडे त्या भ्रमात होत्या, जगतील की नाही याची खात्री नव्हती. केस कापावे लागले. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन स्वतः त्यांना पाहायला आले.

त्या वाचल्या. घरी जा, असे सगळ्यांनी सांगूनही त्या स्कुटारीला परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत राहिल्या. ७ ऑगस्ट १८५६ रोजी घरी पोहोचल्या त्या गुपचूप, ‘मिस स्मिथ’ या नावाने प्रवास करून. स्वागताच्या मिरवणुका त्यांना नको होत्या.

इथे थोडे थांबायला हवे. ताप येतो, माणूस वाचतो, पुन्हा कामाला लागतो आणि मग कित्येक महिन्यांनी शरीर बंड करते. करोनानंतर आपल्यापैकी अनेकांना ही कथा ओळखीची वाटेल. २०२१ मध्ये आजारातून उठल्यावर दोन महिने मला स्वतःच्या घराचे तीन मजले डोंगरासारखे वाटत होते. माझे ते आपोआप ओसरले. सगळ्यांचे ओसरत नाही.

१८५७ : शरीराने हात टेकले

घरी आल्यावर नाइटिंगेल यांनी विश्रांती घेतली नाही. सप्टेंबर १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन त्यांनी लष्कराच्या आरोग्यावर शाही आयोग नेमण्याचा आग्रह धरला. आयोग नेमला गेला. त्यावर स्त्री सदस्य असू शकत नव्हती, त्यामुळे नाव दुसऱ्यांचे आणि काम बरेचसे यांचे, असा तो प्रकार होता. १८५७ चा उन्हाळा त्यांनी दिवसरात्र कागदांत घालवला आणि ऑगस्टमध्ये त्या कोसळल्या. हवापालट आणि जलोपचारांसाठी त्यांना माल्व्हर्नला नेण्यात आले. आपण आता काही महिन्यांच्याच सोबती आहोत, असे त्यांना स्वतःला वाटत होते. मृत्यूनंतरच्या व्यवस्थेच्या सूचनाही त्यांनी लिहून ठेवल्या.

लक्षणे काय होती? छातीत धडधड, धाप, प्रचंड अशक्तपणा, अन्न समोर येताच मळमळ, झोप न लागणे, मधूनमधून ताप. १८६१ च्या डिसेंबरमध्ये आणखी जोराचा झटका आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिडनी हर्बर्ट आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे साहाय्यक, कवी आर्थर ह्यू क्लफ वारले होते. या झटक्यानंतर पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या आणि पुढची सुमारे सहा वर्षे त्यांना चालता येत नव्हते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांना उचलून न्यावे लागे.

त्यांनी लावून घेतलेली शिस्त या आजाराच्या रुग्णांना आज फार ओळखीची वाटते. एका वेळी एकच पाहुणा, तोही आधी वेळ ठरवून. पाहुण्याआधी विश्रांती, नंतर विश्रांती. आई आणि बहिणीलाही सहज प्रवेश नव्हता. आरोग्यतज्ज्ञ डॉ. जॉन सदरलंड त्यांच्यासोबत रोज काम करत, पण अनेकदा ते खालच्या मजल्यावर आणि नाइटिंगेल वरच्या, आणि मध्ये चिठ्ठ्यांची ये-जा. सदरलंड यांना ऐकू कमी येई हेही त्यामागचे एक कारण. पण बोलण्याचे श्रम वाचवणे हे नाइटिंगेल यांचे तंत्रच झाले होते. पलंगाभोवती कागद, पेन्सिली आणि पर्शियन मांजरे. एका मांजराचे नाव त्यांनी बिस्मार्क ठेवले होते.

पलंगावरून हाकलेले भारताचे काम

आता या काळातले काम पाहा. १८५८ मध्ये त्यांनी लष्करी मृत्यूंचा तो प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख छापला. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाचे बारा काप. निळा भाग टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या रंगाने सगळे पान व्यापलेले पाहून मंत्र्यालाही आकडेमोड न करता मुद्दा कळत असे. इंजिनीअरिंगला असताना आम्हाला आलेख काढायला शिकवले, पण तो कुणाला पटवण्यासाठी काढायचा असतो हे कुणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पाठोपाठ ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक आले आणि १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली.

आणि भारत. १८५७ च्या उठावानंतर इथल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढली, तसा तिच्या आरोग्याचा प्रश्नही मोठा झाला. १८५९ मध्ये त्यासाठी शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेल यांनी इथल्या लष्करी ठाण्यांना छापील प्रश्नावली धाडली : पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणसामागे जागा किती. उत्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे लंडनला आले. १८६३ मध्ये २ हजारांहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला सगळ्यात बोलका आकडा होता ६९. भारतातल्या ब्रिटिश फौजेत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू, तेही लढाईशिवाय. दहा वर्षांनी नाइटिंगेल यांनीच पुन्हा हिशेब मांडला तेव्हा तो १८ वर आला होता. हे सगळे घडत असताना त्या सहा वर्षे चालू शकत नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवे. भारतात त्या एकदाही आल्या नाहीत.

सैनिकांपासून सुरू झालेले काम पुढे रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, दख्खनमधल्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरचे सावकारी कर्ज यांवर त्यांनी लिहिले. मुंबई प्रांतातल्या ग्रामस्वच्छतेच्या कायद्यावरून पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवत होते तेव्हा त्यांना नाइटिंगेल यांचा पाठिंबा होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली.

सोंग, मनाचा आजार की जंतू?

नेमकी हीच गोष्ट पुढे त्यांच्या विरोधात वापरली गेली. इतके काम करणारी व्यक्ती खरेच आजारी असेल का? विसाव्या शतकातल्या काही चरित्रकारांना यात सोय दिसली. आजाराचे निमित्त करून नको असलेली माणसे दूर ठेवायची आणि मंत्र्यांना आपल्या दाराशी बोलवायचे. १९७४ मध्ये जॉर्ज पिकरिंग या नामवंत ब्रिटिश डॉक्टरने नाइटिंगेल आणि चार्ल्स डार्विन यांचे आजार मानसिक स्वरूपाचे असल्याचे मांडले. नंतरच्या एका इतिहासकाराने तर जवळपास सोंगाचाच आरोप ठेवला. १९९८ मध्ये ह्यू स्मॉल यांनी वेगळी मांडणी केली. युद्धानंतर आकडेवारी तपासताना, आपल्या देखरेखीखालच्या रुग्णालयात माणसे गटारांमुळे मेली आणि ते आपल्याला वेळेवर कळले नाही, हे नाइटिंगेल यांना उमगले. १८५७ चे कोसळणे हा त्या अपराधभावनेचा धक्का होता, असे स्मॉल म्हणतात.

मग जंतूचा पक्ष. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावरच्या चिवट तापाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीझ झम्मित यांनी दाखवले. हाच ब्रुसेलोसिस. आपल्याकडे गोठ्यात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात; गाई-म्हशी गाभडतात, आणि कच्च्या दुधातून किंवा वार हाताळताना माणसालाही लागण होते. वासरांना त्याची लस देण्याची मोहीम देशात सुरू आहे ती याचसाठी. हा जंतू आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आतच दडून बसतो, त्यामुळे ताप येत-जात राहतो, मणके धरतात, निराशा येते, थकवा वर्षानुवर्षे टिकतो. १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डी. ए. बी. यंग यांनी नाइटिंगेल यांची लक्षणे या आजाराशी ताडून पाहिली आणि ती चांगलीच जुळली. आज बहुतेक अभ्यासकांचा कल या निदानाकडे आहे. रक्ताचा नमुना अर्थातच नाही, त्यामुळे शिक्कामोर्तब होणार नाही.

म्हणजे नाइटिंगेल यांना ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ होता असे छातीठोकपणे सांगणारी पोस्ट तुमच्या मोबाइलवर आली तर ती पुढे पाठवू नका. साम्य आहे ते वेगळ्या ठिकाणी : जंतुसंसर्गानंतर न संपणारा आजार, बाहेरून न दिसणारी अपंगता आणि मानसिक म्हणून मोडीत काढणारे जग.

मग हा आजार नेमका काय?

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळपास ३०० कर्मचारी एकापाठोपाठ आजारी पडले. घसा, ताप, मग स्नायूदुखी, अशक्तपणा, स्मृतीचे घोळ. त्यात परिचारिकांची संख्या मोठी होती. पुढच्या वर्षी ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ हे नाव वैद्यकीय नियतकालिकात आले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, जुने कागद वाचून, हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असावा असे लिहिले. बाधितांत स्त्रिया जास्त होत्या, हा त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा. ते मत कित्येक दशके चिकटून राहिले. १९८८ मध्ये अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले, त्याने तर आजार आणखी किरकोळ वाटू लागला. थकवा कुणाला येत नाही?

२०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हजारो शोधनिबंध चाळून निदानाचे निकष ठरवले. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला, कामकाज खुंटवणारा थकवा. झोपूनही ताजेतवाने न वाटणे. विचारांत धुके किंवा उभे राहिल्यावर त्रास. आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेझ’, थोडक्यात पीईएम. श्रम केल्यावर त्रास उसळतो, तोही बऱ्याचदा लगेच नाही, तर एक-दोन दिवसांनी, आणि तो दिवसेंदिवस किंवा आठवडेही टिकतो. श्रम म्हणजे धावणेच नव्हे. आंघोळ, फोनवरचे लांब बोलणे, बँकेतली रांग एवढेही पुरते.

साध्या थकव्याची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली की सकाळी भरते. इथे बॅटरी लहान झालेली असते, चार्जर मंद असतो, आणि ती शून्यावर गेली की तिची क्षमताच आणखी घटते. रुग्णाने आज काय केले याचा परिणाम परवा दिसतो, त्यामुळे कारण आणि परिणाम जोडणेही अवघड होते. डॉक्टरसमोर दहा मिनिटे बसलेला रुग्ण ठीकच दिसतो. तिसऱ्या दिवशी तो घरी अंधाऱ्या खोलीत कसा पडलेला असतो, हे तपासणीच्या खोलीत कुणी पाहत नाही.

हे मोजता येते का? एक चाचणी आहे. रुग्णाला सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून, प्राणवायूचा वापर मोजायचा. पहिल्या दिवशी अनेक रुग्णांचे आकडे व्यायाम न करणाऱ्या सामान्य माणसासारखेच येतात. खरी गोम दुसऱ्या दिवशी, तीच चाचणी पुन्हा केल्यावर कळते. निरोगी माणूस, अगदी आळशीसुद्धा, कालच्याइतकीच कामगिरी करतो. या रुग्णांपैकी अनेकांचा आकडा घसरतो. स्नायूंना प्राणवायूविना काम सुरू करावे लागते तो टप्पा आधीच येतो. सोंग करून असे आकडे आणणे कठीण. अडचण एवढीच की ही चाचणी स्वतःच रुग्णाला आठवडाभर आडवे करू शकते.

रक्तात काही सापडते का?

उत्तर हो आणि नाही, असे दोन्ही आहे. शरीरातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी विषाणूबाधित पेशींना मारतात. या रुग्णांत त्यांची मारकशक्ती कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत आले आहे. पण सगळ्याच अभ्यासांत नाही, आणि तसे ते इतर आजारांतही दिसते. दुसरा धागा सायटोकाइनचा. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो या रेणूंतून. ताप आल्यावर अंग मोडून येते ते यांच्यामुळेच. मग या रुग्णांत ते वाढलेले असायला हवेत. काही प्रयोगशाळांना ते वाढलेले दिसत, काहींना कमी, काहींना जसेच्या तसे.

२०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मॅडी हॉर्निग आणि इयन लिपकिन यांच्या गटाने या गोंधळाचे एक उत्तर शोधले. २९८ रुग्ण आणि ३४८ निरोगी माणसांच्या रक्तातले ५१ निर्देशक मोजल्यावर सरासरीत विशेष काही दिसेना. मग आजार तीन वर्षांच्या आतला आणि त्याहून जुना, असे दोन गट पाडले. पहिल्या गटात अनेक सायटोकाइन वाढलेले होते, दुसऱ्यात नव्हते. एकत्र मिसळले की दोन्ही एकमेकांना खोडून काढत. सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्या कुणालाही हे पटेल : उलट दिशेच्या दोन लहरी बेरजेत सरळ रेष होतात, याचा अर्थ लहरीच नव्हत्या असा होत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात १७ सायटोकाइनचे प्रमाण आजाराच्या तीव्रतेनुसार चढते आढळले.

श्रमानंतर काय होते, हा यातला सर्वांत रंजक भाग. युटा विद्यापीठाच्या ॲलन लाइट यांच्या गटाने २००९ मध्ये रुग्णांना २५ मिनिटे मध्यम व्यायाम करायला लावून पुढचे ४८ तास रक्त तपासले. वेदना आणि थकव्याची जाणीव पोहोचवणाऱ्या, तसेच प्रतिकारशक्तीशी निगडित काही जनुकांची हालचाल रुग्णांत वाढली आणि वाढलेलीच राहिली. निरोगी लोकांत तसे झाले नाही. २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी करोनापश्चात पीईएम असलेल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि नंतर तपासले, तेव्हा स्नायूतंतूंची हानी वाढलेली आणि पेशींतली ऊर्जानिर्मिती मंदावलेली दिसली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएचने १७ रुग्णांची अगदी बारकाईने तपासणी केली. दीर्घकाळ शत्रूशी झुंजून दमलेल्या टी-पेशींच्या खुणा त्यात आढळल्या. २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘डीकोड-एमई’ प्रकल्पाने १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या डीएनएतून आठ जागा दाखवल्या, त्यांतल्या काही प्रतिकारशक्तीशी, काही मज्जासंस्थेशी जोडलेल्या.

एवढे असूनही, रक्ताचा एक थेंब घेऊन हा आजार आहे की नाही हे सांगणारी चाचणी आजही नाही. याआधी तोंडही पोळले आहे. २००९ मध्ये ‘एक्सएमआरव्ही’ नावाचा विषाणू सापडल्याचा गाजावाजा झाला. तो प्रयोगशाळेतला भेसळीचा प्रकार निघाला आणि २०११ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी नष्ट करणाऱ्या ‘रिटुक्सिमॅब’ या औषधाने नॉर्वेत सुरुवातीला आशा दाखवली. १५१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ते साध्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. संसर्ग हे ठिणगीचे काम करतो, याबद्दल मात्र चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा माग काढला गेला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के जण या आजाराच्या निकषांत बसत होते. जंतू कोणता यापेक्षा पहिला आजार किती तीव्र होता, यावर ते अवलंबून होते. त्या तीन संसर्गांतला एक, क्यू फीव्हर, जनावरांकडूनच येतो.

व्यायाम करा, असे सांगू नये का?

हा प्रश्न वाचकांच्या घरातला आहे. अंग हलवले नाही म्हणून थकवा, असे आपण सहज म्हणतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ६४१ रुग्णांच्या ‘पेस’ चाचणीने टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेल्या व्यायामाला आणि समुपदेशनाला पाठिंबा दिला. नंतर तिच्या मोजमापांवर आक्षेप आले, आणि व्यायामाने आपली प्रकृती आणखी ढासळल्याच्या रुग्णांच्या तक्रारींचा ढीग साचला. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्गदर्शक सूचना बदलल्या. ठरलेल्या पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नये; त्याऐवजी आपल्या ऊर्जेच्या मर्यादेत राहण्याचे नियोजन शिकवावे, असे आता सांगितले जाते. त्याला ‘पेसिंग’ म्हणतात. नाव नवे आहे. एका वेळी एक पाहुणा, आधी विश्रांती, नंतर विश्रांती हे वेळापत्रक आपण वर वाचलेच आहे. थकव्याची इतर कारणे, म्हणजे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, आधी तपासून घेणे मात्र आवश्यक आहे. आपल्याकडे ती अधिक सर्रास आढळतात.

शेवटची वर्षे

नाइटिंगेल यांची प्रकृती १८८० च्या आसपास हळूहळू सुधारली. चेहरा भरला, स्वभाव निवळला, माणसे भेटू लागली. बहिणीशीही सूत जमले. ब्रुसेलोसिस कधी कधी अनेक वर्षांनी असा ओसरतो, असे यंग यांच्या बाजूने सांगितले जाते. मनावरचे ओझे उतरले असावे, असे दुसरी बाजू म्हणते. शेवटच्या दशकात दृष्टी गेली, मग स्मृती. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण तेव्हा त्यांना त्याचे फारसे भान उरले नव्हते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधल्या साउथ स्ट्रीटवरच्या घरात, ९०व्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यातल्या चर्चच्या आवारात सहा सार्जंटांनी शवपेटी वाहून नेली. तिथल्या स्मारकावर नाव नाही. ‘एफ. एन.’ ही दोन आद्याक्षरे आहेत आणि दोन तारखा, त्यातली पहिली १२ मे.